हाती खुरपे, पुढ्यात वही : शालेय शेतकार्यानुभवावरील ग्रंथाची प्रस्तावना

पुणे-सोलापूर हमरस्ता आणि दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या कुरकुंभ गावी उभे राहून चहूकडे दृष्टी टाकली, तर महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात गेल्या दीडशे वर्षांत घडलेली बहुतेक सारी स्थित्यंतरे थोड्याशा परिसरात एकत्र आलेली दिसतात. फिरंगाई देवीचे ठाणे व त्याभोवतीचे गावठाण, पावसाच्या भरवशावर ज्वारी-बाजरी पिकविणारे मुरमाड माळ, तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला उसाचा हिरवा पट्टा, आणि माळावरच उभी राहिलेली रासायनिक कारखान्यांची वसाहत, या सर्वांची मुले आज शाळेत एकाच बाकावर बसतात. त्यांतील एकाला भिजल्या रानात औत कधी घालावे आणि कधी घालू नये हे वयाच्या दहाव्या वर्षी आजोबांच्या मागे फिरून कळलेले असते. त्याच्या शेजारी बसलेल्या कामगाराच्या मुलाने भुईमुगाच्या शेंगा जमिनीखाली लागतात हे डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. शाळा दोघांना एकच धडा वाचावयास देते, दोघांची एकच परीक्षा घेते, आणि पहिल्याजवळ जे ज्ञान आहे त्याची नोंद तिच्या कोणत्याही दप्तरात होत नाही. या उणिवेतून प्रस्तुत ग्रंथाची गरज निर्माण झाली आहे.

विषयात शिरण्यापूर्वी त्याची चतुःसीमा आखून घेणे इष्ट होईल. शालेय वयातील मुलांचा शेतीच्या कामाशी येणारा संबंध चार प्रकारचा असतो. पहिला घरच्या शेतातला : गुरे राखणे, खुरपणीला आईच्या ओळीशेजारी ओळ धरणे, रात्रीच्या पाळीला वडिलांसोबत दारे धरावयास जाणे. दुसरा मजुरीचा : आईबापांसह ऊसतोडीच्या कोपीवर आलेल्या, मोळ्या बांधणाऱ्या आणि त्यापायी शाळेच्या पटावरून नाहीशा होणाऱ्या मुलांचा. तिसरा शाळेच्या परसबागेचा, जेथे मेथी-कोथिंबिरीचे वाफे मुलांच्या हातांनी होतात आणि भाजी मध्यान्ह भोजनाच्या पातेल्यात जाते. चौथा, अभ्यासक्रमात रीतसर वेळ राखून, शिक्षकाच्या देखरेखीखाली हंगामभर चालणाऱ्या कार्यानुभवाचा. कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून गावोगाव राहावयास जातात, तो प्रकार वयाने व हेतूने निराळा असल्यामुळे येथे बाजूला ठेवला आहे. ग्रंथाचा मुख्य विषय तिसरा व चौथा प्रकार हा आहे. परंतु पहिल्या दोहोंकडे पाठ फिरवून या दोन प्रकारांचा विचार करणे म्हणजे मुलाच्या प्रत्यक्ष जीवनाकडे पाठ फिरविणे होय.

कायद्याची मर्यादाही येथेच स्पष्ट केली पाहिजे. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही व्यवसायात कामास लावण्यास बंदी असून, शाळेची वेळ सोडून व सुटीत घरच्या कामात मदत करण्याची सवलत आहे. मूल कामाला जुंपले जाणे आणि मूल कामातून शिकणे यांतील भेद कायद्याला मुख्यतः काम कोणाचे व कोणत्या वेळी यावरून पारखावा लागतो. शिक्षकाला त्याहून खोल जावे लागते. काम करताना मुलाला प्रश्न विचारण्याची मुभा आहे काय, चूक करण्याची मुभा आहे काय, आणि केलेल्या कामाचे मोजमाप व नोंद त्याच्या स्वतःच्या हातून होते काय, या तीन कसोट्यांवर जे काम उतरते ते शिक्षण, आणि जे उतरत नाही ते, शाळेच्या आवारात चालले तरीही, वेठच. या ग्रंथाचा सारा विचार या भेदावर उभा आहे.

आपल्या प्रांतात या विचाराचा उगम शोधू गेल्यास पावले पुन्हा याच मुलखाकडे वळतात. त्या काळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी १२ मे १८७५ रोजी रयतेने सावकारांच्या घरांवर चाल करून त्यांची खतपत्रे व रोखे हस्तगत केले व जाळून टाकले, आणि तो वणवा शिरूर, इंदापूर, हवेली अशा तालुक्यांतून पसरत गेला. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या दंग्यांची आर्थिक कारणे इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिली आहेत. शिक्षणाच्या दृष्टीने त्यातील बोध असा की, जो कुणबी आपल्या जमिनीचा कस, पावसाचा अंदाज आणि बियाण्याची पारख यांत कोणासही हार गेला नसता, तोच आपल्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे वाचू शकत नव्हता. हाताचे ज्ञान आणि अक्षराचे ज्ञान यांची फारकत झाली म्हणजे केवढे मोल द्यावे लागते, हे सुप्याच्या बाजारात दिसून आले.

पुढे सातच वर्षांनी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणात मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, प्रसंगी नांगराची मूठ धरण्यास न लाजणारा असावा, असा त्यांचा आग्रह होता. शेतीचे शिक्षण कोणी द्यावे हा प्रश्न त्यांनी अभ्यासक्रमाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानला, आणि आज इतक्या वर्षांनंतरही या क्षेत्रातील बहुतेक योजना त्याच ठिकाणी अडखळतात.

सरकारी प्रयत्नांची धारा याहून वेगळी होती. पुण्याचे कृषी महाविद्यालय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतंत्रपणे उभे राहिले. मुंबई इलाख्यात मराठीतून शेतकी शिकविणाऱ्या शाळाही निघाल्या आणि त्यांतील लोणी येथील शाळेच्या धर्तीवरील शाळांची चर्चा पुढे १९२८च्या शाही कृषी आयोगापर्यंत पोहोचली. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी ना. वि. कानिटकरांच्या साहाय्याने शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची जी पाहणी केली, ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. शेताचे तुकडे किती, कर्ज किती, घरात खाणारी तोंडे किती, असे घरोघर फिरून विचारणारी ती पद्धत शाळेतील मुलांनाही जमण्याजोगी आहे. आपल्याच गावाचा अभ्यास हा शेतीच्या शिक्षणाचा अविभाज्य भाग मानण्याची प्रेरणा या ग्रंथाने तेथून घेतली आहे.

दौंड तालुक्यातीलच केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्ती सदन उभारले. १८९६-९७च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया तेथे आल्या. विहिरी खणल्या गेल्या, माळावर शेती व बागा झाल्या, आणि वाचन-लेखनाबरोबर शेतकाम, गोपालन, विणकाम, मुद्रण अशी कामे त्यांच्या हाती देण्यात आली. त्यामागील धर्मविषयक भूमिकेसंबंधी मतभेद असू शकतील. परंतु मुलींनी शेतात काम करावे ते कोणाच्या तरी आज्ञेने आणि निनावीपणे, अशी जेथे रूढी होती, तेथे मुलीच्या श्रमाला कौशल्याची व स्वावलंबनाची प्रतिष्ठा देणारी ही संस्था आपल्या शिवेवर होऊन गेली, याचे विस्मरण या परिसरातील शिक्षकाला होता कामा नये. आजही खुरपणी, वेचणी, लावणी ही कामे बहुतांशी स्त्रियाच करतात, आणि शाळेत शेतीविषयी बोलण्याची वेळ आली की प्रश्न मात्र मुलांना विचारले जातात.

विसाव्या शतकात या विषयाचे जे मुख्य संप्रदाय झाले, त्यांतील पहिला स्वावलंबनाचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, ती पुढे साताऱ्यास आली. त्यांच्या वसतिगृहांतून नाना जातींची मुले एका पंक्तीस जेवत आणि एकाच रानात राबत. १९४० साली साताऱ्यास सुरू झालेले महाराजा सयाजीराव विद्यालय आणि १९४७चे छत्रपती शिवाजी महाविद्यालय यांतून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रूढ झाले. या संप्रदायात शेतकाम हा शिक्षणाचा विषय नसून शिक्षण शक्य करणारे साधन होते. ज्याच्या घरी फी देण्यास दमडी नाही, त्याने आपल्या घामावर शिकावे आणि कोणापुढे हात पसरू नये, हा त्याचा गाभा होय. त्यातून महाराष्ट्राच्या बहुजन समाजातील कर्तृत्ववान माणसांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

दुसरा संप्रदाय वर्ध्याचा. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यास भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी आपली शिक्षणयोजना मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले; आणि आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामला ती प्रत्यक्षात आणली. सूतकताई, सुतारकाम, शेती, फळे व भाजीपाल्याची बाग अशा हस्तोद्योगांतून एक निवडून त्याच्याभोवती सारे विषय गुंफावयाचे आणि साडेपाच तासांच्या दिवसातील तीन तास वीस मिनिटे त्या उद्योगास द्यावयाची, अशी ती योजना होती. येथे काम हेच ज्ञानाचे उगमस्थान झाले. वाफ्याचे क्षेत्रफळ म्हणजे गणित, पाण्याचा पाट म्हणजे भूगोल, बी म्हणजे निसर्गविज्ञान, असा हा समवाय होता. त्याची अडचणही याच टोकाशी होती, कारण प्रत्येक विषय कामातून ओढूनताणून काढण्याच्या भरात पुष्कळ ठिकाणी कामही यांत्रिक झाले आणि विषयही उथळ राहिला. तथापि सेवाग्रामची परंपरा संपली नाही. २००५ साली तेथे पुन्हा सुरू झालेले आनंद निकेतन विद्यालय तिची साक्ष देते.

तिसरा संप्रदाय बालकाच्या स्वभावापासून आरंभ करणारा. रवींद्रनाथांनी ग्रामविकासासाठी काढलेल्या श्रीनिकेतन या संस्थेची स्थापना १९२२ची. महाराष्ट्रात त्याच्याशी नाते सांगणारे कार्य ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी प्रथम बोर्डीस आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर केले. वारली मुले गुरांमागे रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलांना कामावरून सोडवून वर्गात कोंडण्याऐवजी, ती जेथे आहेत तेथल्या पानाफुलांतून, दगडगोट्यांतून आणि गुरांच्या गणतीतून शिक्षणाचा आरंभ करणाऱ्या त्या कुरणशाळांनी मुलाचे जीवन हीच पाठ्यसामग्री हे तत्त्व जितक्या साधेपणाने सिद्ध केले, तितके जाडजूड प्रबंधांनाही साधलेले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात कोठारी आयोगाने १९६६च्या आपल्या अहवालात कार्यानुभव हे सर्व शालेय शिक्षणाचे आवश्यक अंग मानले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. परिणामी वेळापत्रकात तास आले, परंतु त्या तासाला ना जागा मिळाली, ना अवजारे, ना तयार शिक्षक. कागदी फुले, पुठ्ठ्याच्या पेट्या आणि गुणपत्रिकेतील एक श्रेणी एवढ्यावर अनेक शाळांची बोळवण झाली. उत्तम तत्त्व अंमलबजावणीच्या पायरीवर कसे क्षीण होते, याचे हे खेदजनक उदाहरण आहे.

चौथा संप्रदाय मात्र या क्षीणतेला उत्तर म्हणून उभा राहिला, आणि तो आपल्या शेजारीच, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे संशोधक. मोठ्या उद्योगातील संशोधनकेंद्रातले पद सोडून त्यांनी १९८३ साली या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. जे. पी. नाईक व चित्रा नाईक यांनी उभारलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली हे काम सुरू झाले; जे. पी. नाईक हेच कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, हे ध्यानी घेतले म्हणजे अहवालातील विचार पाबळच्या माळावर कोणत्या वाटेने आला ते कळते. मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणाऱ्या त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन असे त्याचे चार विभाग आहेत, आणि मुलांनी केलेले काम गावाच्या खऱ्या उपयोगाचे असावे हा त्यातील दंडक आहे. माती तपासावयाची ती गावातील शेतकऱ्याच्या शेताची. फाटक जोडावयाचे ते कोणीतरी लावणार असलेले. कामाला खरा गिऱ्हाईक असला म्हणजे त्यातील कसूर लपत नाही, आणि कसूर लपत नाही म्हणूनच मूल शिकते. कलबाग २००३ साली निवर्तले, परंतु त्यांचे कार्य चालू आहे.

या चारही विचारांना एक आक्षेप समान आहे, आणि तो आदरपूर्वक ऐकला पाहिजे. ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी दुसऱ्याच्या शेतात वेठ केली, त्यांच्या मुलांना शाळेनेही खुरपेच हाती द्यावे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या जाचक पद्धतीविरुद्ध विधेयक मांडले. ज्या समाजाने ती गुलामी भोगली, त्याला अक्षर हे मुक्तीचे साधन वाटले यात नवल ते काय? वर्धा योजनेकडेही पुष्कळ पालकांनी याच संशयाने पाहिले : साहेबांची मुले इंग्रजी शिकणार आणि आमची माती उकरणार. या आक्षेपाला शब्दांचे उत्तर पुरेसे नाही. शेतकार्यानुभव खेड्यातील गरीब मुलांपुरता ठेवला, तर आक्षेप खराच ठरेल. कारखान्यातील अधिकाऱ्याचा मुलगा, डॉक्टरची मुलगी आणि शेतमजुराचे मूल यांनी एकाच वाफ्यात गुडघे टेकले, आणि त्यासाठी कोणाच्याही वाचन-गणिताचा तास कापला गेला नाही, तरच तो निरस्त होईल. शाळेची झाडलोट व शिक्षकांची खाजगी कामे ही कार्यानुभवाच्या नावाखाली कदापि चालता कामा नयेत, हेही त्यात आलेच.

तत्त्वाची चर्चा प्रत्यक्षात कशी उतरते ते एका गुंठ्यावर पाहू. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. रब्बी ज्वारीची पेरणी करावयाची म्हणून मुले प्रथम बी पारखतात : मोजून शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, आणि ठरल्या दिवसांनी मोड आलेले दाणे मोजतात. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते; घरच्या बियाण्याची किती भरते हे कोणी सांगून नव्हे, तर मोजून कळते. मग रानाची परीक्षा. मूठभर माती दाबून तिचा लाडू करावयाचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावयाचा. फुटून भुगा झाला तर वाफसा आला, चिखलासारखा चिकटून राहिला तर औत अजून दूर. हेक्टरी दहा किलो बियाणे धरले तर गुंठ्याला शंभर ग्रॅम लागते. ४५ सेंटिमीटरवर ओळी आणि ओळीत १५ सेंटिमीटरवर ताट धरले तर गुंठ्यात सुमारे पंधराशे ताटे बसतात. शंभर ग्रॅममध्ये दाणे मात्र याच्या दुपटीच्या घरात भरतात. मग निम्मे बी वाया का घालवावयाचे, असा प्रश्न मुले विचारल्यावाचून राहत नाहीत, आणि उगवण, खोडमाशी व विरळणी यांचा पाठ येथून सुरू होतो. याचे उत्तर वर्गातील शेतकऱ्याच्या मुलाला बहुधा आधीच ठाऊक असते. त्या दिवशी वर्गाचा गुरू तो होतो. पाऊस पडला की पर्जन्यमापकातील आकडा वहीत चढतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, तेव्हा दहा मिलिमीटरच्या सरीने आपल्या गुंठ्यावर हजार लिटरच्या वर पाणी आले, हे ज्याने स्वतः गुणाकार करून काढले, त्याला बांध का घालतात हे निराळे शिकवावे लागत नाही.

हा विषय आजच का हाती घ्यावा, याची कारणे या परिसरात विपुल आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात पावसाचा भरवसा मुळातच कमी. उलट कालव्याच्या बाजूस अतिपाण्याने क्षार वर येऊन जमिनी चोपण होण्याचे भय. कारखान्यांच्या शेजारच्या गावांतून विहिरींच्या पाण्याविषयी वारंवार तक्रारी झाल्या आहेत. त्या तक्रारीचे पुराव्यात रूपांतर करण्यास दर महिन्याला तेच पाणी तपासून नोंद ठेवणारी मुलांची वही उपयोगी पडेल. वाटण्या होऊन शेताचे तुकडे लहान झाले आहेत, आणि पुष्कळ शेतकऱ्यांना मुलाने शेतीत राहू नये असे वाटते. ती इच्छा समजण्याजोगी आहे. परंतु जो कारखान्यात जाईल त्यालाही माती व पाणी यांची किंमत ठाऊक असली पाहिजे, कारण कारखान्याचे सांडपाणी कोठे सोडावयाचे याचा निर्णय उद्या त्याच्याच हाती येईल. २०२१पासून पिकाची नोंद सात-बारावर चढविण्याचे काम ई-पीक पाहणीच्या रूपाने शेतकऱ्याच्या स्वतःच्या मोबाईलवर आले. सुप्याच्या रयतेला आपला दस्तऐवज वाचता येत नव्हता. आज ज्याला आपली नोंद स्वतः करता येत नाही, तोही दुसऱ्याच्या मेहेरबानीवर अवलंबून राहतो. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, सिंचनाचे साधन हे सारे रकाने शाळेतील मूल समजून घेऊ शकते व घरी आजोबांना समजावून देऊ शकते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची योजना सुचविली आहे. संधी चांगली आहे. परंतु हे दहा दिवस एखाद्या कृषी पर्यटन केंद्रावरील सहलीत व हुरड्याच्या मेजवानीत संपले, तर कार्यानुभवाच्या तासाची जी गत झाली तीच याची होईल. पीक हंगामाचे असते, त्याला सलग दहा दिवस पुरत नाहीत. ते दहा दिवस पेरणी, विरळणी, खुरपणी, राखण, काढणी असे हंगामभर विखरून घेतले, तरच त्यांतून शिक्षण निष्पन्न होईल.

प्रस्तुत ग्रंथाने जे योजिले आहे ते या पार्श्वभूमीवर पाहावे. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांची जमीन, पाणी, पिके आणि माणसे डोळ्यांपुढे ठेवून, लहान शाळेलाही पेलेल असा हंगामवार कार्यक्रम सिद्ध करावा, प्रत्येक कामासोबत कोणते मोजमाप व कोणती नोंद करावयाची ते सांगावे, आणि गावातील अनुभवी शेतकरी स्त्री-पुरुषांना शिक्षकाच्या बरोबरीने बसवावे, हा त्याचा हेतू आहे. वर उल्लेखिलेल्या चार संप्रदायांपैकी कोणा एकाचा झेंडा त्याने खांद्यावर घेतलेला नाही. साताऱ्याहून श्रमाची प्रतिष्ठा, सेवाग्रामहून ज्ञान व काम यांचे नाते, कोसबादहून मुलाच्या जीवनाचा आदर आणि पाबळहून खऱ्या उपयोगाची कसोटी, असे जे जे उपयुक्त ते ते त्याने कृतज्ञतेने स्वीकारले आहे. कीटकनाशके मुलांच्या हाती कधीही देऊ नयेत, धार असलेली अवजारे वयानुसारच द्यावीत, उन्हाच्या वेळा टाळाव्यात, आणि उत्पन्नाचा हिशेब मुलांपुढे उघडा ठेवावा, या बाबतींत ग्रंथाने कोठेही सूट ठेवलेली नाही, हे मला विशेष समाधानाचे वाटते.

ग्रंथाच्या मर्यादाही आहेत. ऊसतोडीसाठी हंगामापुरत्या येणाऱ्या मुलांचा प्रश्न साखरशाळांनी वा हंगामी वसतिगृहांनी पूर्णतः सोडविलेला नाही, आणि तो एका पुस्तकाने सुटणारही नाही. ती मुले आपल्या शाळेत चारच महिने असली, तरी त्या चार महिन्यांत वाफ्यावर त्यांचेही नाव लागले पाहिजे, एवढा आग्रह मात्र येथे धरला आहे.

शेवटी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि गावकरी यांना विनंती एवढीच. शाळेजवळ एक गुंठा जागा, आठवड्यातील एक अखंड अर्धा दिवस आणि प्रत्येक मुलामागे एक वही, इतकी तजवीज येत्या मृगापूर्वी करा. अनुदानाची वाट पाहत बसू नका. बियाणे गावात आहे, शेणखत गावात आहे, आणि शिकविणारी माणसेही गावात आहेत. हंगाम सरल्यावर मुलांच्या वह्या ग्रामसभेपुढे ठेवा, आणि या पुस्तकात जे चुकीचे किंवा आपल्या रानाला न लागू पडणारे आढळेल, ते त्या वह्यांच्या आधारे बिनदिक्कत दुरुस्त करा.